माया

दांडिया बाजारात आमच्या दुकानाची पाटी अजून मराठीत आहे.
गिऱ्हाईक घासाघीस करतं गुजरातीत,
आणि दादांच्या मापांच्या वहीत
नावं मोडी वळणाची, आकडे गुजराती.

पान एकोणीस. शरयू कोटणीस, कॉलेजचं नाटक.
छाती एकतीस, कंबर तेवीस.
हिरवी चोळी. कडेला शेरा : माया दीड इंच.

दीड इंच!
अर्धा इंच कापड आत गेलं तरी आई कुरकुरायची तेव्हा.
दादा म्हणायचे, नटाचं अंग आहे,
भूमिकेगणिक फुगेल, आटेल.
आत माया असली की पुन्हा उसवता येतं.

पुढची पानं घाईची.
विधवा : लाल आलवण.
सरदार : अंगरखा, आणि कंबरेच्या आकड्यापुढे दादांचं प्रश्नचिन्ह.
एका प्रयोगात दुसऱ्या अंकाला तिची पाठीची शिवण गेली.
उरलेलं सगळं नाटक तिने प्रेक्षकांना पाठ न दाखवता काढलं,
मेली तीसुद्धा उताणी.
पेपरात आलं : अभिनयाची ही नवी, थेट शैली.
दादांनी कात्रण डकवलंय. खाली लिहिलंय : चूक माझी.

मग मुंबई.
पोस्टरवर आडनाव मावलं नाही, नुसती शरयू उरली.
वहीत सहा वर्षं काही नाही.
एका दिवाळीत आली, स्टुलावर बसली, म्हणाली,
"तिथे माप घेतच नाहीत हो दादा.
तयार झगा चढवतात, मागून टाचण्या.
पुढून महाराणी, मागून साळिंदर.
दोन शॉटच्या मधे टेकतासुद्धा येत नाही."
मी आठ वर्षांची, खो खो हसले.
दादा सुईत दोरा ओवत राहिले, बराच वेळ,
दोरा कधीच ओवला गेला होता.

अडतिसाव्या वर्षी ती नायकाची आई झाली,
त्या नायकापेक्षा चार वर्षांनी लहान.
दिल्लीला बक्षीस घ्यायला गेली तेव्हाचा ब्लाउज मात्र इथला :
पान एकशे सात, माया दोन इंच.

दादा गेले. वही माझ्याकडे आली.

गेल्या माघात गांधी नगरगृहात तिचा सत्कार ठरला.
आली ती कागदात गुंडाळलेली हिरवी चोळी घेऊन.
"हीच घालणार. होईल?"
मी टेप काढली. तिने हात वर केले,
डावा खांद्याच्या वर जात नव्हता.
माप सांगत नाही. वहीत आहे.

बगलेखालची शिवण उसवली
तर आतून निघाल्या दोन पट्ट्या,
एकसष्ट सालच्या हिरव्या, दुकानातून आजच आणल्यासारख्या.
बाकी सगळी चोळी शेवाळी, विटकी.
म्हटलं, ताई, वरून लेस लावते, दिसायचं नाही.
तिने चष्मा चढवला, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.
"तिसऱ्या रांगेतून दिसेल ना?"
दिसेल.
"मग राहू दे."

सत्काराला ती दोन्ही हात जोडून उभी होती,
कोपर अंगाला चिकटवून.
आणि भाषण संपताना उजवा हात वर गेला.
मी तिसऱ्याच रांगेत होते.

पान एकोणीसवर, सर्वांत खाली, बारीक अक्षरात आहे :
बाकी येणे साडेतीन रुपये.
परवा ती विसरली. मीही आठवण केली नाही.