एक छोटं, एक मोठं

मामा मोजत नाही, त्याचे पाय मोजतात.
बत्तीस वर्षं अझारियामामा स्लीपरांवरून चालला:
एकेक घ्यावा तर पाऊल आखूड,
दोन-दोन घ्यावेत तर ढांग लांब.
म्हणून त्यानं चालीत एक लंगडी तडजोड बसवून घेतली,
एक छोटं, एक मोठं.
आता स्लीपर नाहीत. बारीक खडी, कडेला शेवाळ,
कुणीही कसंही चालावं अशी सपाट वाट,
आणि हा अजून तसाच:
एक छोटं, एक मोठं.
मी शेजारून चालते. दर दहा पावलांवर चुकते.

"रूळ कुठे गेले रे?"
"विकले."
मग पुढच्या मोरीपर्यंत काही नाही.
"बोटीनं नेले. असतील कुठल्यातरी उबदार देशात.
बरंय त्यांचं. इथं जन्मभर गारठले."

न्यूफाउंडलंडचं पठार, सप्टेंबर.
दोन्हीकडे पाणथळ, काळी तळी,
वाऱ्यानं एकाच बाजूला विंचरलेली बुटकी स्प्रूस.
या वाऱ्याला भिऊन अख्खी गाडी थांबायची म्हणे;
साडेतीन फुटांची पोरसवदा लाईन,
तिला कधी लोळवेल याचा नेम नव्हता.

स्लीपर मात्र गावातच राहिले.
कुणाची कोंबड्यांची खुराडी झाली, कुणाचा धक्का,
आणि आईनं, ड्रुसिलानं, एक हिवाळाभर चुलीत घातले.
डांबराचा वास पडद्यांत जाऊन बसला.
शेजारी कुरकुरले.
ती म्हणाली, इतकी वर्षं दारावरून जात होती,
आता घरात आली, एवढंच.

मामा वाकतो, मूठभर निळ्या बेऱ्या तोडतो,
निम्म्या मला देतो.
"कोळशाचं इंजिन होतं तेव्हा ठिणगी पडून रान जळायचं.
जळल्या रानात ही फळं अशी लगडायची!
डिझेल आलं, आणि पाई पातळ झाली."
हे तो तक्रारीच्या सुरात सांगत नाही.
बेऱ्या आंबट आहेत.

वळणापाशी तो घड्याळ बघतो आणि गप्पकन
खाली चरात उतरतो. मीही.
पाण्यात बूट, चिलटं, आम्ही दोघं उभे.
चार वाजायला दहा मिनिटं.
मी विचारत नाही. काही गोष्टी
अल्बर्टाच्या तेलावर चौदा वर्षं काढून आलेल्या माणसानं
विचारायच्या नसतात.

आणि खरंच काहीतरी येतं.
चारचाकी मोटरसायकल, हेल्मेटमधली एक पोरगी,
मागे दोरीनं बांधलेली मूसची मांडी.
ती ब्रेक मारते. "सोडू का पुढे?"
"तिकीट केवढं?" मामा विचारतो.
पोरीला कळत नाही. ती हसते, हात हलवते, जाते.
धूळ बसेपर्यंत तो चरातच.
"चार मिनिटं लेट," म्हणतो, आणि वर यायला
माझ्या खांद्याचा आधार घेतो,
पहिल्यांदाच.

सतराव्या मैलाचं घर उरलेलं नाही.
चुलीखालचा सिमेंटचा चौथरा आहे, एक गंजका खिळा,
आणि आजीनं लावलेली रुबार्ब,
कुणी न पाहता कमरेएवढी माजलेली.
मामा दांडे उपसतो, पानं मोडून टाकतो.
"पानं विषारी," असं मला सांगतो,
जणू मी सहा वर्षांची आहे.
"ड्रुसिलाला दे. साखर बेतानं म्हणावं."

पिशवी जड झाली आहे. सात मैल परत.
तो पुढे निघालाही:
एक छोटं.