माया

निकुंभ टेलरच्या काउंटरवर पाच ब्लाउज ठेवले,
म्हटलं, उसवा.
त्यांनी कारण विचारलं नाही.
मेन रोडला चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाला
बायका का सुटतात ते ठाऊक असतं:
बाळंतपण, थायरॉइड, सुख.
माझं कारण त्यांच्या वहीत नाही.

एक गोळी सकाळी, दीड रात्री.
अकरा महिन्यांत सोळा किलो.
डॉक्टर म्हणाले होते, भूक लागेल.
कसली, ते नव्हते म्हणाले.
रात्री दोनला फ्रीजच्या उजेडात उभ्या उभ्या
गार वरणभात, पातेल्यातूनच,
आणि पोटाला पत्ताच नाही.

कृषीनगरच्या ट्रॅकवर कुमुदताई म्हणतात,
'मानवलं गं तुला सासर!'
पंधराव्या वर्षी मानवलं. मी हसते.

घरात सगळ्यांना आवडतो तो सोमेश्वरचा फोटो,
पिवळ्या साडीतला.
काय बारीक होतीस, नणंद म्हणते.
होते बारीक.
चार रात्री झोपले नव्हते.
त्याच आठवड्यात भांडीबाजारातून
अकरा समया आणल्या उधारीवर
आणि पहाटे तीनला अनवाणी निघाले
गोदावरीला एकेक नेऊन द्यायला.
श्रीरंगने पुलावर स्कूटर आडवी घातली.
फोटोत पूल नाही.

मार्गशीर्षात येवल्याला लग्न होतं.
नऊ दिवस गोळ्या बंद केल्या, कुणाला न सांगता.
दोन किलो उतरले.
दहाव्या दिवशी भीतीदायक काही घडलं नाही,
फक्त सगळंच फार सुंदर दिसू लागलं.
टोमॅटोसुद्धा.
आकाशवाणीजवळच्या भाजीबाजारात
मी तिथल्या तिथे खाली बसले,
पिशवी मांडीवर घट्ट धरून,
आणि श्रीरंगला फोन लावला.

निकुंभ ब्लेडने टाके तोडतात.
शिवणीच्या आतलं कापड अजून कोरं हिरवं,
ऊन न पाहिलेलं.
'एवढीच माया होती, ताई.
यापुढे नवीनच शिवावे लागतील.'
मग गळ्यातली टेप काढून माप घेतात,
वहीत माझं पान शोधतात,
छत्तीसवर काट मारून
बेचाळीस लिहितात, त्याच अक्षरात.
जरा थांबून विचारतात,
'या खेपेला जास्त ठेवू? दोन्हीकडून?'

ठेवा, म्हणते.
घरी जाऊन
रात्रीची दीड अजून घ्यायचीय.