खांद्यावरची खिडकी

सुचिता ढोक, राहणार कामठी,
दोन कॅमेरे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवते
आणि विचारते, काकाजी, हे वरती काय आहे?
अंगठ्याएवढी राखाडी काच.
मागे एवढा मोठा स्क्रीन असताना
ही काहून पाहिजे?

सीताबर्डीत नऊ वर्षं मी जुने कॅमेरे विकतो,
त्याआधी लग्नं काढली.
लेन्सची बुरशी, शटरचा आकडा, सुटत आलेलं रबर,
सगळे प्रश्न ऐकले. हा कोणी विचारला नव्हता.
पूर्वी ती काच नसती, तर विचारला असता.

चल म्हटलं, बाहेर.

मे महिना, दुपारचे दोन.
रस्ता पांढरा, स्कूटरवरच्या पोरी
दुपट्ट्यातून फक्त डोळ्यांपुरत्या.
मागचा स्क्रीन बघ. काय दिसतं?
माझी हनुवटी, ती म्हणाली. अन् तुमची पाटी, उलटी.
आता वरचा.
एकशे पंचवीस. आठ. बॅटरी दोन काड्या.

ती काच स्वतः उजळत नाही,
म्हणून उन्हाशी भांडत नाही.
जेवढं ऊन, तेवढे आकडे काळे.
नागपूरसाठीच केल्यासारखी वस्तू
कुठल्या थंड देशात कोणी केली, कोण जाणे.

मग मला बोलणं आवरेना.
कमरेशी धरायचा, सांगितलं,
विहिरीत डोकावतात तसं वरून पाहायचं.
समोरच्याला वाटतं, माणूस घड्याळ बघतोय.
उमरेड रोडच्या एका हॉलात, पाठवणीच्या आधी,
नवरीचा बाप भिंतीकडे तोंड करून उभा होता.
मी मान खाली घातली, चाक दोन खटके फिरवलं,
डोळ्याला लावला तो थेट दाबायलाच.
तो फोटो त्यांनी मागून नेला.
अल्बमात लावला नाही.

दुसऱ्याच्या खांद्यावर नुसतं चाक,
आणि शेजारी मोकळी जागा,
दारावरची पाटी काढल्यावर उरते तशी.
हलका. साबणाच्या डबीसारखा चपटा.
माझी करंगळी त्याच्याखाली लोंबकळते.

सुचितानं सगळं ऐकलं.
मग चपटा उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला,
मागचा स्क्रीन खाली वाकवला, मान वर.
मारबतीच्या मिरवणुकीत काढायचे आहेत, काकाजी.
मी पाच फूट. पुढे सगळे उंच.
कॅमेरा वर गेला की
तुमची खिडकी आभाळाला दिसते,
मला नाही.

बरोबर होतं.
मीही उंचीनं फार नाही, लग्नांतून
एक लोखंडी स्टूल घेऊन फिरत असे.
ते तिला सांगितलं नाही.
बिल केलं, पट्टा तसाच दिला.
उन्हात वरून काहीतरी घे म्हटलं, तर म्हणाली,
दुपट्टा आहे न.

रात्री शटर ओढताना
जुना काउंटरवरच राहिलेला.
त्याचं बटण बंद, दुकानाचे दिवे बंद.
वळणाऱ्या ऑटोचा उजेड आत येऊन गेला,
तेवढ्यात वरच्या काचेवर दिसला
एकच आकडा, सहाशे बारा.

एवढे अजून बसतात, असं तो
कोणी विचारलं नसताना
सांगत होता.