आकडे

रुस्ताकच्या इस्पितळात मी रक्त तपासते.
पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी, साखर, क्षार.
नाव, वय, तारीख चिकटवल्याशिवाय
एकही नळी पुढे सरकत नाही माझ्या हातून.

म्हणून वाडीत
(आमच्याकडे वाडीत माणसं राहतात,
इथल्या वाडीत नुसते गोटे,
आणि पाणी आलंच तर पाहुण्यासारखं)
कड्याच्या भेगेतून खाली लोंबणारं ते झुडूप दिसलं
तेव्हा तोंडात पहिला प्रश्न तोच :
नाव काय गं तुझं?

पानं जाड, गोलसर, निळसर झाक असलेली.
संध्याकाळचे सहा. कळ्या नुकत्या उकलत होत्या.
चार पांढऱ्या पाकळ्या, आणि मधून
केसरांचा एवढा मोठा झुबका
की पाकळ्यांकडे कोण बघतो.
पानाच्या बुडाशी दोन आकडे, मागे वळलेले.
ओढणी अडकली, आणि मी ओरडलेच :
अगं बाई, वाघाटी!

खल्फान, आमचा रुग्णवाहिकेचा चालक,
खालून म्हणाला, नाही. लसफ.
त्याच्या आईच्या गुडघ्यांना याच पानांचा लेप असतो,
तेव्हा त्याचं म्हणणं बिनतोड.

रात्री फोटो गेले कुडाळला, केळुसकर सरांना.
उत्तर पहाटे आलं, सरांच्या तुटक मराठीत :
"वाघाटी वेल. हे झुडूप. फूल नको, पान बघ.
कूळ एक, घर वेगळं.
चुलत बहीण म्हण. सख्खी म्हणू नकोस."

बरं, नाही म्हणत.
पण बारशीच्या भाजीचा तो कडूपणा
जिभेच्या कडेला आला तो आलाच.
त्याला कुळाचार कोण शिकवणार?

फळ पिकून उकललं तेव्हा
आत लालभडक गर, आणि माझ्याआधी मुंग्या.
त्यांच्याकडून बिया आणल्या. मोजल्या. एकतीस.
गर धुतला, ते गढूळ पाणी
स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या भिंतीवर फेकलं.
बिया रात्रभर कोमट पाण्यात,
मग ओल्या फडक्यात, फ्रिजमध्ये,
विरजणाच्या वाटीशेजारी, तीन महिने.
(रोझम्माने एकदा मोहरी समजून
फोडणीपर्यंत नेल्या होत्या. वाचल्या.)
डबीवर चिठ्ठी लावताना हात अडला.
वाघाटी खोडलं. लसफ लिहिलं. तारीख घातली.

दूध पावडरच्या डब्यांत पेरल्या.
पाच उगवल्या.
दोन मी पाणी घालून घालून मारल्या,
एक एसीच्या गरम झोताने गेली.
खल्फान म्हणाला, तहान लागू दे तिला,
तहानेनेच मूळ खाली जातं.
लागू दिली.
मूळ खाली गेलं, पत्र्याला थडकलं,
गोल गोल फिरत राहिलं तळाशी.
डबा पालथा केला तेव्हा
हातात नुसतं एक वेटोळं आलं.

वहीत लिहिलं : एकतीस, पाच, शून्य.
सरांना कळवलं नाही.

दोन उन्हाळे गेले.
करार संपायला सहा आठवडे राहिले होते.
मागच्या गल्लीत कचरा टाकायला गेले,
काखेत जुनी वर्तमानपत्रं, डोकं सामानाच्या वजनात,
आणि भिंतीने
माझी बाही धरली.

दगडांच्या सांध्यात, जिथे माती औषधालाही नाही,
खिडकीच्या बरोबर खाली, वितभर झुडूप.
निळसर पानं. एक कळी, अजून मिटलेली.
धुवणाच्या पाण्यात
एखादी बी निसटली असणार,
मोजणीच्या बाहेर.

मी हलले नाही.
बाही सोडवायची तर आकड्याच्या उलट दिशेने जायचं,
म्हणजे तिच्या आणखी जवळ.
सहाला अजून दहा मिनिटं होती.