एक हजार एक

जुनी डिस्क आठवडाभर
सुपारी कातरल्यासारखी वाजतेय.
इरफान मुल्लाणीनं कान लावला, म्हणाला,
"हिचं काय खरं न्हाई. आज रात्रीतच हलवू सगळं."

लक्ष्मीपुरीतलं दुकान, शटर अर्ध्यावर.
नवी डिस्क साबणाच्या वडीएवढी.
आक्का डबा घेऊन आली, तिनं ती उलटीसुलटी केली.
"एवढ्यात मावतंय होय?
आणि हे बघ, कट करू नको, कॉपी कर.
मी बसतो हितंच, संपेपर्यंत."

होम उघडलं. आत चार घरं.
इरफानच्यात वॉलपेपर आणि अर्धा बायोडाटा.
शैलाच्यात हिशेब: शेवटचा, शेवटचा दोन, शेवटचा खरा.
स्टुडिओत अकरा वर्षांची लग्नं;
दोन मोडली, तरी त्यांचे फेरे आम्ही सांभाळतोय,
कोण कधी मागायला येईल सांगता येत नाही.
चौथं आण्णाचं.

आधी एक तिरपी रेघ चुकली
आणि चाळीस मिनिटांनी बघतो तर
शैलाच्या घरात शैलाचं घर.
पुसलं. पुन्हा लावलं.

आण्णाच्या दाराशी मशीन अडलं.
परवानगी नाही.
पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, त्याला अडीच वर्षं झाली.
इरफान मूळ मालकाच्याही वरचा होऊन आत शिरला,
शिरताना उगाच चप्पल काढली त्यानं.

आत फुटबॉल. नुसता फुटबॉल.
शाहू स्टेडियमवरचे पेठांचे सामने,
हँडीकॅमनं, एका पायानं लंगड्या स्टँडवरून.
आण्णा कुठंच दिसत नाही.
फक्त शेंगदाणे चावल्याचा आवाज
आणि मधनंच, "आरं डावीकडं मोकळा हाय की त्यो!"

पावणेतीनला काटा शंभरावर आला.
यादी काढली. तीन घरांवर तीन नावं,
चौथ्यावर आकडा. एक हजार एक.
"ह्याचं नाव कुठाय?" आक्का.
"नव्या मशीनला ते ठाऊक न्हाईत, आक्का.
हितल्या वहीत नाव असायला लागतंय."
"मग लिही की."

इरफाननं माझ्याकडं बघितलं. मी डब्याकडं.
त्यानं लिहिलं. आकडा तोच दिला.
पासवर्ड ठेवला नाही, कुणी आत येणार नव्हतंच.
पुन्हा यादी काढली:
आण्णा.

नीट आलंय का बघायला एक फाईल लावली.
शिट्टी वाजली, पोरं मैदानात धावली, मग काळोख.
कॅमेरा बंद करायचं त्याला कधीच जमलं नाही.
तसाच पिशवीत टाकून निघायचा.
"ही मागची वीस-वीस मिनिटं कापू? लई जागा खात्यात,"
इरफान म्हणाला, आणि मग गप्प झाला.

पडदा काळा. पिशवीत चाव्या खुळखुळतायत.
स्कूटर तिसऱ्या किकला लागते.
मिरजकर तिकटीला कुणाला तरी, "हरलो रं!"
मग जिना. चौदा पायऱ्या, मी मोजल्या.
कडी वाजते. आतून आक्काचा आवाज, तरणा, चिडलेला:
"जेवायचं हाय का न्हाई आज?"

आक्का स्टुलावर ताठ बसली.
जुनी डिस्क अजून कातरत होती.
"हाय," आण्णा म्हणाला काळोखातून,
आणि पिशवी खुंटीला लागली.