परिच्छेद एकोणतीस

निकाल अडतीस पानांचा आहे.
सगळा वाचू नकोस, रेहाना.
पहिली अकरा पानं नावं, गट नंबर, चतुःसीमा :
पूर्वेस ओढा, दक्षिणेस बिरनाळ्यांचा ऊस.
पुढे साक्षी. म्हातारा तलाठी
उलटतपासाला दोनदा चष्मा विसरून आला,
तेही आलंय.
तू सरळ एकोणतीसवर ये.

‘वादीस प्रतिवादीच्या शेतातून
बैलगाडीने जाण्यायेण्याचा हक्क
वहिवाटीने प्राप्त झाला आहे.’

भूपाल मगदूम जिंकले.
विजयनगरच्या कोर्टाबाहेर पेढे वाटले,
मला, शिपायाला, स्टॅम्पवाल्या बाईला,
उरलेले समडोळीला नेले.
दावा दाखल अठ्ठ्याण्णवला, निकाल दोन हजार सतराला.
यावर मी काही लिहिणार नाही,
तारखा वाचता येतात.

आता टिपण.
हक्क वहिवाटीतून येतो तेव्हा
वहिवाटीच्याच मापाचा येतो.
साक्षीदारांनी काय पाहिलं होतं?
गाडी. लाकडी चाकांची, लोखंडी धावेची,
चाकोरी साडेचार फूट.
पाहिलं तेवढं शाबीत झालं,
शाबीत झालं तेवढं मिळालं.
ट्रॅक्टर कुणी शपथेवर पाहिला नव्हता.
साहेबांना तो दिसत असणार,
खालच्या रस्त्याने दोन दोन ट्रॉल्या ओढत जाताना,
पण खिडकी पुराव्यात नव्हती.

तेराव्या दिवशी मगदुमांचा ट्रॅक्टर बांधाला लागला.
आदगोंडा बिरनाळे आडवे उभे,
हातात नक्कल, बोट एकोणतीसवर.
‘ह्यात बैलगाडी लिवलंय. वाचा की.’

आम्ही दरखास्त केली.
बेलिफ टेप घेऊन गेला,
वाट मोकळी आहे असा पंचनामा केला,
बिरनाळ्यांकडे चहा पिऊन परत आला.
त्याचं काहीही चुकलं नव्हतं.

अपील करू म्हणत मगदूम ऑफिसात आले.
मी म्हटलं, जिंकलेल्यानं कशावर अपील करायचं?
ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.
त्यांचे बैल दाव्याच्या सहाव्या वर्षीच विकले गेलेले, वकील फीसाठी.
माझ्याच.
गाडीची चाकं कोल्हापूर रोडच्या एका ढाब्याने
फाटकाला लावायला नेली.
ऊसतोडीच्या गाड्या मार्चातच बीडला परतलेल्या.
आणि अक्षय्य तृतीया झालेली,
हळदीचं बेणं पोत्यात, शेणखत रस्त्याकडेला ढिगात.
गावात बैलांसकट उभी गाडी एकच,
बेंदराच्या हौसेपायी ठेवलेली,
आदगोंडांची.

त्या संध्याकाळी मगदूम त्यांच्या दारात गेले.
काय बोलणं झालं ते अभिलेखावर नाही.
सकाळी प्रतिवादीची गाडी,
प्रतिवादीचे बैल, कासरा प्रतिवादीच्या पोराच्या हाती,
प्रतिवादीच्याच रानातून
वादीचं बेणं घेऊन गेली. सात खेपा.
लगेच डोळे पुसू नकोस.
खेपेला पाचशे रुपये भाडं घेतलं,
पावती दिली, वर लिहिलं :
‘निकाल परि. २९ प्रमाणे’.

म्हणजे हरलेला माणूस हरलेल्या हक्कावर
दर मे महिन्यात साडेतीन हजार कमावतो.
असे निवाडे रिपोर्टात छापून येत नाहीत,
म्हणून तुला सांगते आहे.
वादपत्र लिहिताना पक्षकाराला
फक्त आजोबा कसे जायचे ते विचारू नकोस,
नातू कशावरून जाईल तेही विचार,
आणि मागणीत एक ओळ वाढव.
मी वाढवली नव्हती.
निकालात दोष नाही.
तो माझ्या मसुद्याएवढाच रुंद आहे.

काल मगदुमांचा फोन होता.
बिरनाळ्यांचा पांढरा बैल बसला की उठत नाही आता.
विचारत होते, बैल गेला तर हक्काचं काय?
मला माहीत नाही. तू शोध.
तोवर दर शनिवारी
पेंडीचं एक पोतं जातं म्हणे,
वादीकडून
प्रतिवादीच्या गोठ्यात.