नेम

बावीस वर्षं रबाळ्याच्या टूलरूममध्ये
मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा
मी अंगठ्याने ओळखायचो.
कंपनीचं मात्र कळायचं नाही,
आज भोंगा वाजेल की गेटवर नोटीस लागेल,
काही नेम नव्हता.
लागली एकदाची.

मग घणसोलीत, भाजी मंडईच्या वर,
जिन्यात मेथीचे देठ तुडवत गेल्यावर
एक लांबट खोली सापडली.
हर्षाली भोईर शिकवते. वय चोवीस.
मला काका म्हणते आणि दरडावते.
पहिले तीन आठवडे बंदूक दिलीच नाही.
उभे राहा, म्हणाली.
नुसते.
पाय कुठे, कंबर कुठे,
डावं कोपर हाडावर टेकलं का.
एक्कावन्नाव्या वर्षी मी उभं राहायला शिकत होतो
आणि खाली कुणीतरी कोथिंबिरीच्या जुडीवरून
दोन रुपयांसाठी अडून बसलं होतं.

जॅकेट दुसऱ्या कुणाचं. कॅनव्हास, चामडं,
काखेत त्याच्या घामाचा जुना नकाशा.
बूट इतके सपाट की चालताना बदक.
लिफ्टमध्ये तांडेल वहिनी म्हणाल्या,
पेटी कसली? व्हायोलिन का?
मी हो म्हटलं.
खरं सांगायला दोन मजले कमी पडले असते.

गोळी शिशाची, डमरूच्या घाटाची, साबुदाण्याएवढी.
मधला ठिपका अर्धा मिलिमीटर.
मला वाटलं, हे तर माझंच काम!
पण लेथला नाडी नसते.
इथे नळीच्या टोकावरचं कडं
दर ठोक्याला दचकतं,
डॉक्टरने हळू आवाजात सांगितलेलं
मोठ्याने सांगतं.
लक्ष्याकडे बघू नका काका, कड्याकडे बघा,
लक्ष्य राहू दे पुसट.
आणि चाप ओढायचा नाही. दाबत राहायचं.
सुटेल तेव्हा सुटेल.

रात्री रिकामी बंदूक, भिंतीवर पेनाचा ठिपका.
शालन म्हणते, कॅलेंडर सोडून कुठेही,
तिथे दुधाचा हिशोब आहे.
माझी आई सोमवार धरायची.
त्यालाही ती नेमच म्हणायची.
पोटात आग, चेहऱ्यावर काही नाही,
आणि मधेच कुणी काही बोललं तर
डोळ्यांनीच थांब म्हणायची.

फेब्रुवारीत ठाण्याला जिल्हा स्पर्धा.
शाळेचा हॉल, स्टेजवर स्नेहसंमेलनाच्या उरलेल्या पताका.
साठ गोळ्या, सव्वा तास.
तेरा नंबरला मी,
चौदाला एक मुलगी, दातांना तारा,
वेणी जॅकेटच्या आत खोचलेली.

बेचाळिसाव्या गोळीला
काय झालं ते नीट सांगता येत नाही.
श्वास अर्ध्यावर राहिला.
कडं थांबलं.
दोन ठोक्यांच्या मध्ये एक खोली असते,
सामान हलवल्यानंतर असते तशी,
तिथे मी एकटा होतो.
चाप मी दाबला असं वाटलं नाही.
सुटल्यावरही बंदूक खाली घेतली नाही,
बघत राहिलो, शिकवलं होतं तसा.
ठाऊक होतं. दहा.

तेवढ्यात चौदाने हात वर केला.
सर, माझ्या कागदावर एक भोक जास्त आहे.

दहाच होतं. ठिपका शिल्लकच नव्हता.
पंचांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पुन्हा पाहिलं, मान हलवली,
आणि माझ्या नावापुढे शून्य लिहिलं.
मुलगी सॉरी म्हणाली.
मला. ती.

उरलेल्या अठरा गोळ्या कुठे गेल्या ते लक्षात नाही.
अडतीस जणांत चौतिसावा.

विटाव्याच्या पुलाखाली बस अडकलेली,
शालनचा फोन.
काय झालं?
म्हटलं, एक दहा आला.
एकच? आणताय ना कागद दाखवायला?
म्हटलं, शेजारच्या मुलीकडे राहिलाय.
ती बराच वेळ काही बोलली नाही,
मग म्हणाली, भिंतीवरचा ठिपका
आज मी पुसणार होते.
राहू देते.